चेहऱ्याखालचे नाव

छायाचित्र म्हणजे काय, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक पिढी आपापल्या परीने देत असते. आमच्या आजोबांच्या पिढीला ते राजेरजवाड्यांचे वैभव वाटे. वडिलांच्या पिढीला, लग्न झाल्यावर एकदा तालुक्याच्या गावी जाऊन, रंगविलेल्या कारंज्याच्या पडद्यापुढे ताठ बसून उरकावयाचा तो एक संस्कार होता. आज आमच्यापुढे सातवीच्या वर्गात बसणाऱ्या मुलांना ते श्वासोच्छ्वासाइतके सहज झाले आहे. बीदर-कलबुर्गीच्या या सीमाभागात, सरकारी मराठी शाळेत नोकरी करताना आणि त्यांतील बरीच वर्षे गळ्यात कॅमेरा अडकवून वावरताना, हा बदल आम्ही जवळून पाहिला. यंत्राची नवलाई सांगणारे पुष्कळ आहेत. यंत्राने आम्हांला काय शिकविले आणि कोणती गोष्ट त्याच्या हाती नाही, एवढेच वाचकांपुढे ठेवावयाचे आहे.

आमच्या घरी आलेला पहिला कॅमेरा ‘अॅग्फा क्लिक थ्री’. बडोद्यात तयार होणारी ही काळी, सुटसुटीत पेटी त्या काळी मध्यमवर्गीय घरांत मोठ्या मानाने मिरवत असे. तिला ऊन आणि ढग या दोनच गोष्टी कळत. एका रोलमध्ये बारा चौकोनी चित्रे येत. पाठीमागच्या लहानशा तांबड्या खिडकीतून आकडा पाहात रोल पुढे सरकवावा लागे. बारा चित्रांत वर्षाचे सण, एखादे बारसे आणि आजीची पंढरीची वारी बसवावयाची असे. उदगीरला शिकत असताना आम्ही रोल खिशात घालून स्टुडिओत जात असू आणि आठ दिवसांनी पाकीट हाती पडेपर्यंत जीव टांगणीला लागलेला असे. उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल मिळाला म्हणजे आपण देशकार्य करीत आहोत, असाही एक भाव मनात असे! चित्र मोजके, म्हणून प्रत्येक चित्राला मोल. पाकिटातून निघालेल्या चित्रामागे वडील लगेच टाकाने तारीख, स्थळ आणि नावे लिहीत. ती त्यांची शिस्त होती. त्या शिस्तीचे मोल कळावयास आम्हांला पुढे डिजिटल कॅमेरा हाती यावा लागला.

तो आला २०११ साली. पुण्या-हैदराबादकडे नोकरीस लागलेल्या माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून शाळेस निकॉन कंपनीचा ‘डी ३१००’ हा कॅमेरा भेट दिला. मुख्याध्यापकाच्या कपाटात कुलूपबंद ठेवण्याजोगी ही वस्तू. परंतु कुलपात राहिलेला कॅमेरा आणि कुलपात राहिलेले ग्रंथालय यांची गत एकच, असे आमचे मत आहे. म्हणून त्या दिवसापासून तो आमच्या खांद्यावर बसला.

मुलांनी पहिला प्रश्न विचारला, “गुरुजी, यात रोल कुठं घालायचा?” मग एक तास विज्ञानाचाच झाला. फिल्मच्या जागी येथे सुमारे २३ मिलिमीटर लांब आणि १५ मिलिमीटर रुंद अशी एक चकती असते. तिच्यावर १ कोटी ४२ लाख सूक्ष्म टिपणारे बिंदू दाटीवाटीने बसविलेले असतात. प्रत्येक बिंदू आपल्यावर पडलेल्या प्रकाशाची मोजणी करतो. रंग मात्र त्याला एकच कळतो. निम्मे बिंदू हिरव्याचे, पाव तांबड्याचे, पाव निळ्याचे. उरलेले रंग शेजाऱ्यांना विचारून, हिशेब करून भरावयाचे. ही मांडणी कोडॅक कंपनीच्या ब्राइस बायर या शास्त्रज्ञाची. तिचे पेटंट १९७६ चे. त्याच कंपनीत १९७५ साली स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा जुळविला होता. त्याचे वजन साडेतीन किलोंहून अधिक, बिंदू अवघे दहा हजार, आणि एक कृष्णधवल चित्र कॅसेटच्या फितीवर उतरावयास २३ सेकंद लागत. फिल्मवर साम्राज्य उभारणाऱ्या त्या कंपनीच्या घरातच फिल्मला संपविणारे मूल जन्मले आणि जानेवारी २०१२ मध्ये त्या कंपनीवर दिवाळखोरीसाठी अर्ज करण्याची पाळी आली. आमच्या शाळेत कॅमेरा येऊन तेव्हा पुरते वर्षही झाले नव्हते.

यंत्र कितीही शहाणे असले तरी ते एका समजुतीवर चालते, ही गोष्ट आम्हांला आमच्या शाळेच्या भिंतीने शिकविली. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक असे धरून चालतो की, समोरचे सारे जग सरासरीने मध्यम करड्या रंगाचे आहे. चुन्याने पांढऱ्याशुभ्र केलेल्या भिंतीपुढे आमची उन्हात वाढलेली सावळी मुले उभी केली की, त्या पांढरेपणाने यंत्र दिपते, प्रकाश कमी करते आणि मुलांचे चेहरे काळवंडून जातात. अशा वेळी ‘अधिक-उणे’ची कळ दाबून प्रकाश एक घर वाढवावयाचा. म्हणजे भिंत पुन्हा पांढरी आणि चेहरा पुन्हा चेहरा होतो. त्याहून सोपा उपाय म्हणजे मुलांना भिंतीपासून दूर, लिंबाच्या सावलीत न्यावे. शाळेत गरिबाघरचे लेकरू उजळ दिसावयाचे असेल, तर त्याच्या पाठीमागचा झगमगाट थोडा कमी करावा लागतो; हे शिक्षणशास्त्रही त्यातच आले.

याच्या नेमकी उलट परीक्षा बीदरच्या बिदरी कामाने घेतली. जस्तात थोडे तांबे मिसळून ओतलेले भांडे, त्यावर कोरलेल्या नक्षीत ठोकून बसविलेली चांदी, आणि शेवटी किल्ल्यातील जुन्या वास्तूंची माती व नवसागर यांच्या पाण्यात उकळून आलेला तो गडद काळा रंग! या कलेला २००६ साली भौगोलिक निर्देशाचे संरक्षण मिळाले आणि बीदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. बिदरी सुरईचे चित्र घेऊ जाता यंत्र तिचा काळेपणा पाहून घाबरते, प्रकाश वाढवते, आणि काळ्याची राख होते. येथे प्रकाश एक घर उणा करावा लागतो. फ्लॅश तर मुळीच लावू नये. चांदी आरशासारखी चमकून नक्षी पुसून टाकते. खिडकीशी बाजूने येणारा उजेड आणि समोरून धरलेले पांढरे धोतर, एवढ्या सामग्रीवर आम्ही जी चित्रे घेतली, ती पाहून तेथील एका वृद्ध कारागिराने मान हलविली. आम्हांला तेवढी पावती पुष्कळ झाली.

अष्टूरच्या बहमनी घुमटांत तिसरा धडा मिळाला. सुलतान अहमदशाह वलीच्या घुमटात आतून भिंतीभर रंग आणि सोनेरी अक्षरे आहेत. तेथे डोळे सरावल्याखेरीज काहीच दिसत नाही. या संतसुलतानाला मुसलमान वली मानतात आणि लिंगायत भाविक अल्लमप्रभूंचे रूप समजतात. उरुसाला दोन्हींकडची माणसे जमतात. अशा जागी फ्लॅशचा लखलखाट करणे आम्हांस उद्धटपणाचे वाटते, आणि तिपाई लावावयाची तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. उरले काय? मोठ्या तोंडाचे ३५ मिलिमीटरचे भिंग, पाठीला दाराची चौकट आणि रोखलेला श्वास. संवेदनशीलतेचा आकडा ३२०० वर नेला की, चित्रात वाळू सांडल्यासारखे कण दिसतात. तथापि थोडी वाळू पत्करावी, पण हललेले चित्र नको, असा आमचा अनुभव आहे.

भिंगाचा विषय निघालाच आहे, तर नवशिक्यांसाठी दोन शब्द सांगून टाकतो. या जातीच्या साध्या कॅमेऱ्यात भिंग फिरविणारी मोटर नसते. जुन्या बाजारात स्वस्त मिळणारे ५० मिलिमीटरचे भिंग त्यावर बसते खरे, पण स्पष्टता हाताने साधावी लागते. ज्या भिंगात स्वतःची मोटर असेल तेच घ्यावे. आमचा मुलूख जांभ्या दगडाचा; उन्हाळ्यात तांबडी धूळ दप्तरातच काय, डोळ्यांतही शिरते. भिंग बदलताना कॅमेऱ्याचे तोंड जमिनीकडे धरावे, अन्यथा चकतीवर कण बसतो आणि पुढील प्रत्येक आभाळात एक ठिपका उमटतो. तो तोंडाने फुंकू नये. रबरी फुग्याने हवा मारावी. पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरते. त्यावर उपाय हवाबंद डबा आणि निळ्या रंगाचे सिलिका जेल. ते गुलाबी झाले की गरम करून पुन्हा निळे करावे. आमच्या सौभाग्यवतींनी या कामी तुरीच्या डाळीचा एक चांगला डबा आम्हांस दिला. तुरीच्या मुलखात डाळीचा डबा सोडणे हा केवढा त्याग आहे, हे कलबुर्गीकडच्या वाचकांस सांगावयास नको.

हे सारे शिकण्यात आठ-नऊ वर्षे आनंदात गेली. बाराऐवजी बाराशे चित्रे काढता येत होती आणि खर्च शून्य होता. वरूनही चित्रांची मागणी वाढत गेली. झाड लावले, फोटो. दूध वाटले, फोटो. पाहुणे आले, फोटो. काम झाले याचा पुरावा म्हणून चित्र हवे असते. त्या चित्रात मुले दिसली पाहिजेत; कोणती मुले, हे कोणी विचारीत नाही. कागदासाठी लागणारा चेहरा आमच्या खेड्यांत नवा नाही. निवडणूक आयोगाने १९९३ पासून मतदार ओळखपत्रे देण्यास आरंभ केला, तेव्हा आमच्या भागातील कित्येक वृद्ध स्त्रियांचा तो जन्मातील पहिला फोटो होता. पुढे २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी पहिले आधार क्रमांक दिले गेले, आणि मग घरोघरी प्रत्येकाचा चेहरा सरकारदरबारी नोंदला गेला. त्याचा उपयोग कोण नाकारील? परंतु ओळख पटविणारे चित्र आणि आठवण जागविणारे चित्र ही दोन वेगळी असतात, हे आम्हांला एका आईने सांगितले.

ती २०१९ च्या पावसाळ्यात शाळेत आली. तिचा मुलगा आमच्या शाळेतून सातवी होऊन गेलेला. पुढे हैदराबादला बांधकामावर कामाला लागला आणि रस्त्यावरील अपघातात गेला. त्याचा मोबाईल त्याच्याबरोबरच चुरगळला होता. घरात उरले होते ते आधारकार्ड. ते पदराच्या गाठीतून काढून तिने टेबलावर ठेवले आणि म्हणाली, “गुर्जी, ह्यातलं लेकरू मला माझं वाटतच न्हाई. हसताना कुठं हाय का तुमच्याकडं?”

त्या वर्षीच्या कप्प्यात अकराशेवर चित्रे होती. प्रत्येकाला कॅमेऱ्याने आपण होऊन दिलेले एक नाव होते: तीन-चार इंग्रजी अक्षरे आणि पुढे चार आकडे. मुलगा चौथ्या बाकावर बसत असे, अक्षर चांगले होते, पाढे कच्चे होते, हे आम्हांला आठवत होते. सहा-सात वर्षांपूर्वीचा चेहरा त्या गर्दीत निवडणे सोपे नव्हते. तेव्हाचे वर्गशिक्षक बदली होऊन दुसऱ्या तालुक्यात गेले होते. त्यांना दूरध्वनी केला. ते म्हणाले, “खो-खोच्या संघात होता, तिथं पाहा.” क्रीडादिनाची चित्रे उघडली. आई आमच्या खुर्चीमागे उभी राहून पाहात होती. धुळीतून पाठमोरी पळणारी चार-पाच मुले पडद्यावर आली आणि ती एकदम म्हणाली, “ही त्याची पाठ.” पुढच्याच चित्रात तो वळलेला होता. श्वास लागलेला, गुडघ्याला माती, आणि तोंडभर हसू.

भालकीच्या स्टुडिओतून ते चित्र मोठे करून तिला दिले. ती गेली आणि आम्ही बराच वेळ त्या पडद्याकडे पाहात बसलो. आई होती म्हणून पाठ ओळखली गेली. वर्गशिक्षकांना आठवण होती म्हणून वाट सापडली. आणखी दहा वर्षांनी ते निवृत्त, आम्ही निवृत्त. मग या हजारो चेहऱ्यांकडे पाहून नाव घेणारे कोण असेल? कॅमेऱ्याने तारीख नोंदविलेली असते हे खरे, परंतु बॅटरी बराच काळ उतरून राहिली की त्याचे घड्याळ मागे जाते आणि श्रावणातील सहलीवर पहिल्या जानेवारीचा शिक्का बसतो. नाव तर त्याला कधीच ठाऊक नव्हते.

या विचारात आम्हांस आठवले ते आमच्याच मुलखातील एक शिल्प. कलबुर्गी जिल्ह्यात, भीमेच्या काठी, सन्नतीजवळ कनगनहळ्ळी येथे गेल्या शतकाच्या अखेरीस बौद्ध स्तूपाचे उत्खनन झाले. तेथील एका शिलापटावर राजा, राणी आणि सेविका कोरलेल्या आहेत. असे राजे भारतभर दगडांत उभे आहेत आणि ते कोण, यावर पंडित वाद घालीत असतात. येथे वाद नाही. कारण त्या पटावर ब्राह्मी लिपीत राजा अशोकाचे नाव कोरलेले आहे. ज्याचे राज्य अफगाणिस्तानापासून कर्नाटकापर्यंत होते, त्या सम्राटाची आकृती आपण ओळखतो ती शिल्पकाराच्या कौशल्यामुळे नव्हे. कोणीतरी छिन्नी उचलून काही अक्षरे कोरली म्हणून! ते नाव नसते तर तो एक अनोळखी राजा राहिला असता. ही कथा सम्राटाची. मग खो-खोच्या संघातील पोराची काय कथा?

छायाचित्रणाच्या आरंभीच्या आचार्यांनाही हे उमगले होते. आमचा बीदर-कलबुर्गीचा मुलूख ज्या निजामी राज्यात होता, त्या राज्याच्या सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ. काचेच्या जड तबकड्या आणि लाकडी कॅमेरे घेऊन हा माणूस हिंडला. त्यांच्या कित्येक चित्रांच्या तळाशी क्रमांक आणि स्थळाचे नाव आढळते. म्हणूनच आज ती नुसती सुंदर चित्रे नाहीत, इतिहासाची कागदपत्रे आहेत.

त्यानंतर शाळेत आम्ही एक उपक्रम सुरू केला. प्रतिवर्षी प्रत्येक वर्गाचे एकच सामूहिक चित्र, लिंबाच्या सावलीत, सकाळच्या नऊच्या सुमारास घ्यावयाचे आणि ते कागदावर छापावयाचे. त्याखाली जुन्या रीतीने ‘बसलेले, डावीकडून’, ‘उभे, डावीकडून’ असे लिहून प्रत्येकाचे नाव मुलांनीच लिहावयाचे. नावे देवनागरीत आणि कन्नड लिपीतही. यावर एका सहकाऱ्याने शंका काढली, “आपली शाळा मराठी, कन्नड कशाला?” आम्ही म्हटले, “१ नोव्हेंबर १९५६ रोजी बीदर जिल्ह्याची वाटणी झाली. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले, आपण इकडे राहिलो. उद्या या खुर्चीवर कोण बसेल आणि कोणती लिपी वाचील, ठाऊक नाही. मुलाचे नाव मात्र वाचता आले पाहिजे.” शंका तेथेच मिटली. आता मुलेच एकमेकांस दटावतात, “नीट लिही, तुझ्या नातवाला वाचायचं हाय!”

जुन्या चित्रांचे काम अधिक अवघड आहे. शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही संगणक उघडतो. गावातील कोणी आई, कोणी माजी विद्यार्थी येऊन बसतो, आणि आम्ही कप्प्याकप्प्यांतून नावे लावीत जातो. फायलीचे नाव आता मराठीत लिहिता येते. वर्ष, प्रसंग आणि व्यक्ती एवढे लिहिले तरी पुरे. सारे काही दोन ठिकाणी ठेवतो. एकदा एक साठवणपेटी काही पूर्वसूचना न देता मुकी झाली; विकणाऱ्याने नवी दिली, आतील तीन वर्षे मात्र त्याला परत देता येत नव्हती. ती वर्षे दुसऱ्या पेटीत होती म्हणून वाचली. काही चेहऱ्यांना अद्याप नाव सापडलेले नाही. त्यांच्यापुढे आम्ही प्रश्नचिन्ह घालतो, कोरी जागा सोडीत नाही; प्रश्नचिन्ह पाहिले की पुढचा कोणीतरी उत्तर शोधील.

या निमित्ताने वाचकांना एक आग्रहाची विनंती आहे. आपल्या मोबाईलमध्ये यंदाची हजारो चित्रे असतील. त्यांतील दहा निवडा आणि छापून घ्या. आजच्या गुळगुळीत कागदावर शाई पसरते, म्हणून मागे मऊ शिसपेन्सिलीने अलगद लिहा. दाबून लिहिल्यास पुढे वळ उठतात. नुसते ‘आई’ किंवा ‘मामा’ लिहू नका. नातवंडांच्या दृष्टीने आई आणि मामा निराळे असतात. पूर्ण नाव, गाव आणि साल लिहा. तसेच घरात ट्रंकेच्या तळाशी जो जुना अल्बम आहे, तो येत्या दिवाळीला बाहेर काढा आणि घरातील सर्वांत वडीलधाऱ्या माणसाजवळ बसून प्रत्येक चेहरा कोणाचा, ते विचारून घ्या. कॅमेरा कोणता, भिंग कोणते, बिंदू किती, ही चौकशी सवडीने करता येते. आमच्यासारखे हौशी लोक ती उत्तरे आनंदाने देतील. वडीलधाऱ्या माणसाजवळची उत्तरे मात्र सवडीवर टाकता येत नाहीत.